गोठ्यातले संग्रहालय आणि आमची भिंत

(मंडळाच्या श्रावणातील सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"वीस मिनिटे बोला आणि सरकारी भाषेत बोलू नका," असे कार्यवाहांनी बजावले आहे. आता आमची नोकरी सरकारी, शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेचे, आणि लिहिण्याची सवय म्हणाल तर मोजमाप पुस्तकात आकडे भरण्याची. तेव्हा भाषेची चूकभूल सांभाळून घ्या. आणखी एक सांगतो. या बोलण्यात 'आम्ही' हा शब्द सारखा येईल. तो मोठेपणाचा नाही. जी चूक सांगणार आहोत ती गावातल्या आम्हा पाच-सहा जणांनी मिळून केली, आणि जे सुचवणार आहोत तेही एकट्याने होण्यासारखे नाही.

आधी चूक सांगतो.

आमचे गाव पेडणे तालुक्यात. गावात ग्रामदेवतेचे जुने देऊळ. त्याच्या सभामंडपाच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या नक्षीकामाचे पट्टे होते. वेलबुट्टी, मोर, दोन द्वारपाल, आणि एका कोपऱ्यात शेपूट उंचावलेला मारुती. लहानपणी जत्रेला रात्रभर दशावतार बघताना झोप आली की आम्ही त्याच भिंतीला टेकून झोपायचो. त्या कामाला कावी म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळले. आमच्यासाठी ती फक्त 'देवळाची भिंत' होती.

बारा-तेरा वर्षांपूर्वी देवळाची दुरुस्ती निघाली. ओल येऊन गिलावा ठिकठिकाणी सुटला होता, द्वारपालाचा एक पाय गुडघ्यापासून गेला होता. गावात डिप्लोमावाले म्हणून एस्टिमेट आमच्याकडे आले. आम्ही ते मनापासून केले, एक पैसा घेतला नाही. त्यात एक बाब अशी होती: 'भिंतीवरील जुना सैल गिलावा खरडून काढणे व 20 मिमी जाडीचा सिमेंट गिलावा करणे.' चार ओळींचीही नाही. आठ दिवसांत काम झाले. वर पिवळा रंग आला, देऊळ चकचकीत दिसू लागले आणि जत्रेत सर्वांनी कौतुक केले.

तिसऱ्या पावसाळ्यात त्या पिवळ्या रंगाला फोड आले. कारण सांगायला आम्हीच योग्य माणसे. आपल्याकडची भिंत चिऱ्याची. चिरा पाणी पितो. जुना चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, भिंत श्वास घेते म्हणा. सिमेंट तिचे तोंड बंद करते. ओल आत अडकते आणि जागा मिळेल तिथून फुटते. म्हणजे नक्षी गेली आणि गिलावाही टिकला नाही. आमच्या शिक्षणाप्रमाणेही ते काम चुकीचेच होते.

मग कधीतरी कावी कशी करतात ते नीट समजून घेतले. आधी भिंतीला चुन्याचा गिलावा. त्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर. तो ओला असतानाच घोटून गुळगुळीत करायचा आणि वाळण्याआधी टोकदार हत्याराने नको तेवढा तांबडा भाग खरवडून काढायचा. खालचा पांढरा चुना दिसू लागतो आणि तांबडे उरते ती आकृती. गोव्यात, सिंधुदुर्गात, खाली कारवारपर्यंत जुन्या देवळांत आणि घरांत हे काम आढळते. तेव्हा खरवडणे ही त्यातली खरी कला. आम्हीही खरवडलेच, फक्त सगळे खरवडले.

आता हे मनात ठेवून माझ्याबरोबर जरा पत्रादेवीची हद्द ओलांडा.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, आम्ही गावातलीच मंडळी बायकामुलांसह सिंधुदुर्गात गेलो होतो. बांदा, झाराप, आणि झाराप गेले की कुडाळच्या अलीकडे पिंगुळी. पिंगुळी म्हटले की आपल्याकडच्या पुष्कळांना राऊळ महाराजांचा मठ आठवतो. त्याच पिंगुळीत गुढीपूर ही ठाकर समाजाची वस्ती आहे. तिथे 'ठाकर आदिवासी कला आंगण' नावाचे संग्रहालय आहे. श्री. परशुराम विश्राम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या घरच्या गोठ्याचे रूपांतर करून ते उभे केले. त्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली हे आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. आम्हीही वाचले होते. वाचून पान उलटले होते. आपल्यापासून गाडीने दोन तासांच्या आत असलेली ही जागा बघायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

तिथे काय आहे? ठाकर समाजाकडे परंपरेने चालत आलेल्या कला आहेत. चित्रकथी आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्यांचा पडद्यावरचा छायाखेळ आहे, शिवाय पांगुळ, राधानृत्य, फुगड्या असे कितीतरी. चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवत सांगितलेली कथा. हातभर लांबीच्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले असतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका आख्यानाच्या अशा चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र पुढे करतो आणि कथा गातो, साथीला वीणा, हुडुक आणि टाळ. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या चालुक्य राजा सोमेश्वराच्या संस्कृत ग्रंथातही येतो. म्हणजे सिनेमाच्या आधी सातशे वर्षे तरी आपल्या लोकांना चित्र आणि आवाज एकत्र माहीत होते.

आमच्यातल्या एका लहान मुलाने पहिले चित्र बघून विचारले, "हे हलणार कधी?" सगळे हसले. पण थोड्या वेळाने हुडुक्याच्या ठेक्यावर आवाज चढला तेव्हा तोच मुलगा पुढे सरकून बसला होता. पुढे कळसूत्री बाहुल्या आल्या, त्या तर हलणाऱ्याच.

त्या जागेत आम्हाला सगळ्यात जास्त काय लागले ते सांगतो. जुन्या वस्तू भिंतीवर होत्या, त्या कुठल्याही संग्रहालयात असतात. पण इथे नवी चित्रे काढली जात होती. जुनी पोथी हाताळून हाताळून विरते. तिच्यावरून नवी करता येणारा माणूस घरात असेल तर पोथी विरली तरी कला विरत नाही. या न्यासाचे काम असे दुहेरी आहे. जुने जपून ठेवायचे, बघायला येणाऱ्यांना दाखवायचे. आणि मुलांना शिकवायचे, कार्यशाळा घ्यायच्या, खेळ करायचे, चित्रे विकायची, म्हणजे शिकलेल्याला त्यातून चार पैसे मिळतील.

पूर्वी या कलांना आश्रय होता. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांच्या संस्थानाचा आधार होता, देवळांतून खेळ करायचे मान होते. कलावंताला वर्षातले काही दिवस हक्काचे काम असे. संस्थाने गेली, सिनेमा आला, दूरदर्शन आले, आणि देवळांतली बोलावणी कमी होत गेली. जुन्या पोथ्यांतल्या काही संग्रहालयांत गेल्या, काही खरेदी करणाऱ्यांच्या हाती पडल्या. कोणी बंदी घातली नाही, कोणी हल्ला केला नाही. फक्त पुढच्या वर्षी बोलावणे आले नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही आले नाही. कला मरते ती अशी मरते. करणाऱ्याचे काम थांबते, म्हणून त्याचा मुलगा दुसरे काही शिकतो, आणि मग एक दिवस आपण म्हणतो, 'आता कोणी येणारेच राहिले नाही हो.'

त्याच प्रवासात परत येताना सावंतवाडीचा राजवाडा पाहिला. तिथली गंजिफा आपल्यातल्या ज्येष्ठांना ठाऊक असेल. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेचे रोगण. दशावतारी गंजिफेत 10 अवतारांचे 10 रंग, प्रत्येकाचे 12 पत्ते, एकूण 120. एके काळी सावंतवाडीत चितारी मंडळींची ही कारागिरी जोरात होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती जाणणारे जवळजवळ उरले नाहीत. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडून ती विद्या शिकून घेतली आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कार्यशाळा सुरू केली. आजही तिथे गेलात तर दरबारात बसून रंगकाम करणारे कारागीर दिसतात.

यात मर्म काय आहे बघा. राजवाडा होता, पैसा होता, पण ते म्हातारे गृहस्थ नसते तर राजेसाहेब काय करणार होते? आणि म्हातारे गृहस्थ होते, पण त्यांना विचारायला कोणी गेले नसते तर? एकीकडे राजवाडा, दुसरीकडे गोठा. दोन्हीकडे वाचले ते एकाच कारणाने. ज्याला येते त्याच्याकडून, तो असेपर्यंत, दुसऱ्याने शिकून घेतले आणि त्याला काम दिले.

आता कोणी म्हणेल, सगळ्याच कलांना असा न्यास लागतो का? नाही लागत. आपल्या घुमटाचे घ्या. मातीच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, घोरपड संरक्षित झाली, आणि ते योग्यच झाले. घुमट बंद पडेल असे वाटणाऱ्यांना वाटले. पण आपण बकऱ्याचे कातडे लावले आणि आरत्या चालू राहिल्या. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले, त्याचा आनंद आहेच. पण घुमट टिकला तो घोषणेच्या आधीपासून. चवथीला घराघरात तो लागतो, आरतीला बसलेला सातवीतला पोरगा मोठ्यांच्या हाताकडे बघून ठेका उचलतो, म्हणून टिकला. कातडे बदलले, हात बदलले, काम थांबले नाही.

म्हणून आम्हाला एवढेच समजले आहे: ज्या कलेला आपल्या वर्षात एक दिवस आहे ती जगते. ज्या कलेचा दिवस गेला, तिला तो दिवस कोणीतरी परत द्यावा लागतो. पिंगुळीची संस्था ते करते. पण एका संस्थेच्या अंगणात कला किती दिवस नाचणार? तिला बाहेरून बोलावणे हवे. ते बोलावणे पूर्वी राजाचे आणि देवळाचे होते, आता ते आपले असायला हवे. आपण पद्मश्रीची बातमी वाचून टाळ्या वाजवतो. टाळ्यांवर घर चालत नाही.

आता पुन्हा आमच्या भिंतीकडे येतो, कारण गोष्ट तिथे संपलेली नाही.

पिंगुळीहून आल्यावर आम्ही देवळात गेलो आणि पहिल्यांदाच मागच्या बाजूने नीट फिरलो. सभामंडपाच्या मागच्या भिंतीला, पालखी ठेवतात त्या खोलीच्या दरवाजावर, दीड हात रुंदीचा पट्टा तसाच राहिला आहे. तिथे परात बांधायला अडचण होती म्हणून कंत्राटदाराने तो सोडला होता, आणि आम्ही मोजमापातून तेवढे वजा केले होते. कामचुकारपणा म्हणून तेव्हा आम्ही त्याला बोललोही होतो. आज त्याचे उपकार मानतो. वेल आहे, मधे दोन पक्षी आहेत. एका पक्ष्याची मान ओलीने सुटत चालली आहे.

मग हे कोणाला येते याची चौकशी सुरू केली. पणजीत विचारले, कारवारकडच्या ओळखीच्यांना विचारले, फोन झाले. शेवटी आमच्याच घरातल्या आजी म्हणाल्या, "अरे, देवळाच्या खालच्या अंगाला राहतात त्या गवंडीमामांच्या बापाने हे काम केलेले. मामा लहानपणी चुना मळायला जायचे."

गवंडीमामा देवळापासून दोन घरांवर राहतात. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही देवळाला सिमेंट लावत होतो तेव्हा ते रोज संध्याकाळी समोरच्या पारावर बसलेले असायचे. आम्ही त्यांना नमस्कार करून पुढे जायचो.

आम्ही त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. विषय काढला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा माका कोणी इचारूकच नाय."

यावर आम्हाला काही उत्तर देता आले नाही. आजही येत नाही.

थोड्या वेळाने त्यांनीच सांगायला सुरुवात केली. शिंपल्यांचा चुना, तो किती दिवस भिजवायचा, गुळाचे पाणी कधी घालायचे, काव कुठल्या डोंगराची चांगली, घोटायला कुठला दगड. आम्ही पदविकेला चुन्यावर एक धडा शिकलो होतो, त्यात यातले फार थोडे होते. ते सांगत होते आणि आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. शेवटी म्हणाले, "आता हात थरथरतत. पण डोळे आसत. तुम्ही करा, मी सांगतंय."

दिवाळीनंतर पाऊस थांबला की तो पक्षी दुरुस्त करायचा ठरले आहे. गावातली दोन तरुण गवंडी मुले तयार झाली आहेत. मामा खुर्चीवर बसतील. पहिल्यांदा देवळाच्या भिंतीला हात लावायचा नाही, मागच्या कुंपणाच्या भिंतीवर सराव करायचा, ही मामांची अट. देवस्थान समितीने या वर्षीच्या रंगकामातून तो पट्टा वगळला आहे. दोन्ही मुलांना रोजच्या कामाची मजुरी द्यायची, शिकतात म्हणून कमी नाही, आणि मामांना गुरुदक्षिणा वेगळी. जमेल की नाही सांगता येत नाही. मामांची तब्येत नाजूक आहे, म्हणून घाई आहे.

आता आपल्या मंडळासाठी तीन गोष्टी सुचवतो, आणि बसतो.

पहिली. उत्सवातली एक संध्याकाळ दरवर्षी अशा एका कलेला द्यावी. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, रणमाले, जागर, कीर्तन, जे आपल्या पट्ट्यातले आहे ते. "लोक येणार नाहीत," असे खजिनदारसाहेब म्हणतील. पहिल्या वर्षी खरेच कमी येतील. रोषणाई आणि ध्वनिव्यवस्थेवर आपण जे खर्च करतो त्यातली एक कमान कमी केली तर हा खर्च निघतो. मात्र मानधन आधी ठरवून, बँकेत जमा करून, जाण्यायेण्याची आणि जेवणाची सोय करून बोलवायचे. 'तुम्हाला व्यासपीठ मिळेल' हे वाक्य वापरायचे नाही. आणि एकदा बोलावून थांबायचे नाही, पुढच्या वर्षाची तारीख त्याच रात्री सांगायची. कलावंताला सत्कारापेक्षा ती तारीख जास्त उपयोगी आहे.

दुसरी. नोंद. आपल्यातली काही घराणी सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडून तीन-चार पिढ्यांमागे आलेली, काही याच मातीतली. कोणाकडे जुनी माटोळी बांधण्याची रीत आहे, कोणाच्या घरी कागदावर काढलेल्या गणपतीची पूजा होते, कोणाच्या आजीला फुगडीची पन्नास गाणी पाठ आहेत. येत्या चवथीला आपल्या तरुण सभासदांनी घरोघरी जाऊन फोटो काढावेत, आवाज रेकॉर्ड करावेत, नाव-गाव-साल लिहून ठेवावे. मंडळ नोंदणीकृत आहे, हिशेब दरवर्षी तपासला जातो. वेगळा न्यास काढायची गरज नाही. एक वही आणि एक कपाट पुरे. पिंगुळीत गोठ्याने भागले.

तिसरी, आणि ही आमच्यासारख्यांसाठी. घराची, देवळाची, जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली की एस्टिमेट करण्याआधी पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्याला काही माहीत नसले तर अर्धा तास गेला. माहीत असले तर एक भिंत वाचेल. आम्ही विचारले नाही. त्याला बारा वर्षे झाली आणि दोन द्वारपाल, सगळे मोर आणि तो मारुती गेला. त्याचे चित्र आमच्यापैकी कोणाकडेही नाही. जत्रेतले फोटो शोधले, त्यात आम्ही सगळे आहोत, मागे भिंतही आहे, पण धूसर.

दिवाळीनंतर ज्यांना बघायला यायचे असेल त्यांनी जरूर यावे. कुंपणाची भिंत मोठी आहे, शिकायला आणखी दोघे-तिघे आले तरी चालतील, असे मामांनी सांगितले आहे. येताना जुने कपडे घालून या, काव धुऊन लवकर जात नाही.



गणपती बाप्पा मोरया!